नऊ कॅन दुधाचे, दोन आंबिलीचे

मागच्या वर्षी जावयानं मला पुण्यात एका हॉटेलात नेलं. तिथं बियर तिथंच बनते आणि तिथंच विकली जाते, असं त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं, की मला वाटलं याचाच हात लागलाय. काचेच्या भिंतीमागं चकाकणारी मोठमोठी भांडी, त्यांच्या शेजारी पोलादी बॅरलांची रांग, पोरंपोरी हसतायत, वेटर काळ्या कपड्यांत. जावई म्हणाला, "आई, तुम्ही लिंबू सरबत घ्या." मी घेतलं. मग वेटरला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाबा रे, ही बॅरलं धुतं कोण?" त्याला वाटलं बाईंना किळस आली. म्हणाला, "मॅडम, सगळं मशीनवर होतं." मी म्हणाले, "मशीन राहू दे. शेवटचं पाणी कुठलं वापरता?" जावयानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर लग्नात उखाण्याऐवजी शिवी घातली. त्याला काय सांगणार? बियर मी जन्मात एकदाच चाखली, तीही बीड जिल्ह्यात, ऐन दुष्काळात, दुधाच्या कॅनमधली. आणि त्या कॅनचं शेवटचं पाणी माझ्या हातचं होतं.

आमचं गाव शिरूरच्या अलीकडं, माळावर. त्या वर्षी घरात आम्ही तिघंच होतो. माय, मी आणि नानाकाका. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन गेवराईच्या पलीकडं गोदावरीच्या अंगाला गेलेले. नदीत पाणी नव्हतं, पण काठच्या झाडांना पाला होता. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं उरल्या म्हाताऱ्या, शाळेतली पोरं, म्हशी आणि आमच्यासारखे काही. मी एकोणीस वर्षांची, बारावीत एकदा नापास होऊन पुन्हा बसायच्या बेतात, आणि गावातली एक नंबरची थापाडी. शिरूरच्या बाजारात दोन तोंडांचं वासरू आलंय, असं मी एकदा पाण्याच्या रांगेत सांगितलं तर पुढच्या बाजारी सात माणसं ते बघायला गेली. शाळेच्या नाटकात मी राणी झाले होते. ते नाटक संपून तीन वर्षं झाली तरी माझं संपलं नव्हतं, असं माय म्हणायची.

पाणी घरात कसं चालायचं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच वाटेनं झालं. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन टिपाडं भरून द्यायचा; त्यासाठीचा नंबर मात्र रोज चावडीपुढच्या रांगेत राखावा लागायचा. टिपाड म्हणजे लोखंडी पिंप, पूर्वी कधी त्यात तेल नाहीतर डांबर असेल ते. माय एका पाण्याला चार जन्म द्यायची. डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, भांड्यांचं पाणी म्हशीला. अंघोळ घमेल्यात बसून करायची, मग त्याच पाण्यात लुगडं भिजवायचं आणि पिळून निघालेलं पाणी दारातल्या कडुलिंबाला. पाणी सांडलं तर माय रागवायची नाही, नुसती त्या ओल्या जागेकडं बघत उभी राहायची, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. आज माझ्या घरी चोवीस तास पाणी आहे. तरी भाजी धुतलेलं पाणी मी मोरीत ओतू शकत नाही. ते पातेल्यात तसंच ठेवते, आणि सून गुपचूप ओतून देते.

माय गावच्या दूध सोसायटीचे कॅन धुवायची. खरं तर कॅन सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये धुवायचे, पण तिथल्या नळाला पाणी यायचं बंद झालेलं आणि टँकरची वाट आमच्या दारातच संपायची. म्हणून सोसायटीचं जादा टिपाड आमच्या अंगणात उभं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला गफूरभाईंचा टेम्पो शीतकरण केंद्रावरून रिकामे कॅन घेऊन यायचा. त्यांचा खणखणाट मला आजही कुठल्याही बँडपेक्षा ओळखीचा वाटतो. एकूण कॅन अकरा, पण दुष्काळानं दूध आटलेलं, त्यामुळं नऊच जायचे. दोन आमच्या भिंतीला पालथे पडून असायचे. माय चुलीवर सोड्याचं पाणी कढत करायची आणि काथ्याच्या कुंच्यानं एकेक कॅन आतून घासायची. शेवटचं साधं पाणी फिरवून कॅन लाकडी घोडीवर उन्हात पालथे घालायचे, हे माझं काम. सहा वर्षांत मायच्या हातचा एकही कॅन परत आला नव्हता. चेअरमन, ज्यांना सगळे आण्णा म्हणायचे, भर बैठकीत बोलायचे, "आपल्या सोसायटीचं नाक म्हंजी वैनी." माय हे घरी येऊन सांगायची नाही. मीच सांगायचे, आण्णांच्या आवाजात, मिशीवरून हात फिरवून.

नानाकाका हा आबांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं औरंगाबादकडं एका बियरच्या कारखान्यात होता. तिथं त्याचं काम बियर करण्याचं नव्हतं, बॅरल धुण्याचं होतं. कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा धुणारे आधी गेले. संक्रांतीच्या आसपास तो एक पत्र्याची पेटी, रबरी बूट आणि प्रचंड अभिमान घेऊन घरी आला. बायको माहेरी, पोरबाळ नाही. दोन दिवस तो अंगणात बसून मायचं कॅन धुणं बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वैनी, तुमचा हात चांगला हाय. पर हे धुनं न्हवं, आंघोळ हाय."

माय कुंचा न थांबवता म्हणाली, "मंग धुनं कसं असतं, भावजी?"

"आदी गरम पानी. मंग कॉस्टिक. मंग परत गरम पानी. मंग वाफ. अन मंग बी बॅरल उघडून नाक घालायचं. बियर करनं कुनालाबी जमंल. बॅरल धुनं जमत न्हाई."

"येवढं पानी तुमच्या कारखान्यात आसंल. हितं वाफंला पानी घालवलं तर म्हस मरंल."

त्यानं बियर करायचं ठरवलं ते याच बोलण्यातून, असं मला वाटतं. कारखान्यात अकरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या बियरची भांडी धुतली होती. आता स्वतःची करून दाखवायची होती, आणि ज्वारीची. ज्वारी भिजवून मोड आणले, मोड उन्हात वाळवले, जात्यावर भरडले. जातं ओढायला मी. भरड शिजवली, गाळली, त्यात गूळ घातला. कडवटपणासाठी कारखान्यात कसलीशी फुलं घालतात, म्हणाला. इथं दारातल्या कडुलिंबाचा पाला घातला. खमीर शिरूरच्या बेकरीतून कागदाच्या पुडीत आणलं. ते कोमट पाण्यात सोडून मला म्हणाला, "चंदे, हे जितराब हाय बरं का. दिसत न्हाई येवढंच. मेंढरापरीस चलाख. भिंतीला भेग दिसली की आत शिरतंय अन तितंच संसार मांडतंय." आम्ही मेंढरांची माणसं, मला ते लगेच पटलं.

प्रश्न भांड्याचा होता. मातीचं चालणार नाही, ॲल्युमिनियमचं झाकणाचं पाहिजे. भिंतीशी दोन कॅन पालथे होतेच. "रिकामेच तर हायत," मी म्हणाले आणि दोन्ही त्याच्यापुढं आणून ठेवले. हे मी केलं. त्यानं मागितले नव्हते, नुसता त्यांच्याकडं बघत होता. मायला कळलं तेव्हा तिनं दोन्ही कॅनांकडं बघितलं. मग म्हणाली, "भावजी, ज्वारी आंबवलेली म्हंजी आंबीलच न्हवं? मंग आंबीलच म्हना. घरात पोरगी हाय." तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव आंबील. डॉक्टरांकडून आणलेल्या सलाईनच्या नळीचं एक टोक कॅनच्या झाकणात भोक पाडून आत, दुसरं पाण्याच्या बाटलीत. दिवसभर गुडुक, गुडुक. भाकरी थापताना गुडुक, येसराचा मसाला भाजताना गुडुक. माय हुलग्याचे शेंगोळे वळता वळता मधेच थांबायची आणि बाटलीकडं बघायची. "कोन येवढं बोलायलंय तिच्यायला," असं एकदा तिच्या तोंडून गेलं. मायच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव शिवी, आणि ती एका बाटलीला होती.

होळीनंतर आंबील तयार झाली. एका दुपारी नानाकाकानं ओळखीची माणसं बोलावली. पाच-सहा जण येऊन कडुलिंबाखाली बसले, त्यात सोसायटीच्या कमिटीतले तिघं आणि स्वतः आण्णा. स्टीलच्या फुलपात्रांत फेसाळ, गढूळ, पिवळट असं काहीतरी. आण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कडू हाय. पर गार वाटतंय." दुसरं फुलपात्र मागून घेतलं. कुणी विचारलं नाही की हे कॅन कुणाचे. झाकणावर सोसायटीचं नाव लाल रंगात लिहिलेलं होतं आणि ते आण्णांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी आत जाऊन एक घोट चाखला. माळावरच्या वाऱ्याला चव असती तर ती तशी असती.

कॅन रिकामे झाले आणि नानाकाकाची खरी जत्रा सुरू झाली. चार दिवस तो ते दोन कॅन धूत होता. पहिलं पाणी गाळाचं, ते कडुलिंबाला. दुसरं पाणी खळबळून. तिसऱ्यात विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर. रोज दुपारी तो मला म्हणायचा, "चंदे, आदी माजं पानी दे. तू शानी हायस, तुला कळतंय. वैनीला नुसतं घासनं कळतंय." मी नापास झालेली पोरगी, मला शहाणी म्हणणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सोसायटीच्या टिपाडातून आधी त्याला पाणी द्यायला लागले. मग शेवटचं पाणी फिरवायला दुधाच्या कॅनांना कमी पडायचं. त्याचं दुसरं पाणी घमेल्यात तसंच असायचं. दिसायला स्वच्छ, नितळ. आमच्या घरात नितळ पाणी ओतून देणं म्हणजे पाप. त्या पाण्याचा अजून एक जन्म शिल्लक होता, आणि तो मी दुधाच्या नऊ कॅनांना दिला. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, शेवटी म्हशीच्या घमेल्यात. माय तोवर टँकरच्या रांगेत नंबर लावायला गेलेली असायची. एकही थेंब न सांडता मी सगळे कॅन घोडीवर घातले आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी दूध परत आलं. गफूरभाई टेम्पोतून उतरले, पण हॉर्न वाजवला नाही, त्यावरूनच काहीतरी बिघडलं हे कळलं. केंद्रावरचा तपासणारा माणूस प्रत्येक कॅनचं झाकण उघडून आधी नाक घालायचा, मग नळीत दूध घेऊन तापवायचा. "भाभी, नऊच्या नऊ फाटले," गफूरभाई म्हणाले. "नळीत धरलं की दही." माय म्हणाली, ऊन लई झालंय, उद्या ओलं पोतं झाकून न्या. दुसऱ्या दिवशी ओलं पोतं झाकलं. पुन्हा परत. माय त्या दिवशी जेवली नाही. चुलीतली राख चाळून, राखेनं, मग सोड्यानं, मग पुन्हा राखेनं तिनं कॅन घासले. बोटांची सालं निघाली. शेवटचं पाणी मीच फिरवलं. कुठलं, ते विचारू नका. तोवर मला काही संशयही आला नव्हता, आणि नितळ पाणी नितळच होतं.

तिसऱ्यांदा दूध परत आलं तेव्हा केंद्राचा निरोप बरोबर आला. अजून एकदा असं झालं तर टेम्पो या गावाकडं वळणार नाही. हा निरोप साधा नव्हता. शेतात काही नव्हतं. चूल पेटत होती ती म्हशीच्या जिवावर, आणि सदतीस घरांच्या म्हशी त्या एका टेम्पोला बांधलेल्या होत्या. आण्णा दुपारीच आले. कडुलिंबाखाली, आठ दिवसांपूर्वी बसले होते तिथंच बसले. चहा नको म्हणाले, यावरून मायनं ओळखलं.

"वैनी, मी सोता बोलत न्हाई. लोकं बोलायलेत."

"काय बोलायलेत?"

"की तुमी सोसायटीचं पानी म्हशीला पाजता अन कॅन कोरडेच पुसता."

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला. "सा वर्सांत कदी परत आला का एकबी कॅन, आण्णा?"

"म्हनूनच तर लोकास्नी वाटायलंय. आदी येत न्हवता. आता येतोय कावून?" त्यांनी घसा खाकरला. "उद्यापासून कॅन सोजरबाईच्या दारात जातील. टिपाडबी तिकडंच न्हेतील. चार दिस इसावा घ्या."

सोजरबाई आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला राहायची. माय आण्णांना "बरं" म्हणाली आणि तांब्या उचलून आत गेली. थोड्या वेळानं ती टँकरच्या रांगेला गेली; रांग काही कुणाच्या बदनामीसाठी थांबत नसते.

मी नानाकाकाकडं गेले. तो दुसऱ्यांदा भरलेल्या आंबिलीच्या कॅनांजवळ बसून बाटलीतले बुडबुडे मोजत होता. त्यानं उठून एका दुधाच्या कॅनचं झाकण घेतलं, उलटं केलं. झाकणाच्या आत दूध सांडू नये म्हणून रबराची गोल कडी बसवलेली असते. ती सहा वर्षांत कुणी काढली नव्हती, काढायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यानं चमच्याच्या दांड्यानं ती उचकटली आणि नाकाशी धरली.

"चंदे," तो म्हणाला, "ह्यो वास माजा हाय."

मी त्याला पाण्याची वाट सांगितली. कुठून कुठं ओतलं ते सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत गेला. अकरा वर्षं ज्यानं एकाही बॅरलमध्ये वास राहू दिला नाही, त्याचं जितराब नऊ कॅनांत हिंडत होतं. मला वाटलं, आता तो पायात चपला घालेल आणि आण्णांकडं जाईल. तो म्हणाला, "कुनाला बोलू नगस. आदी धुवू." मग त्यानं आमच्या पिण्याच्या पाण्याचं टिपाड उघडलं. मी अडवलं नाही. नऊ झाकणांची नऊ रबरं काढली, उकळली. कढत सोडा, कढत पाणी, टीसीएल, पुन्हा कढत पाणी, आणि प्रत्येक कॅनला स्वतंत्र पाणी. काय सुरेख धुतलं त्यानं. मी आजवर असं धुणं पाहिलं नाही. हात कसे चालत होते, बघत राहावं. माय परत आली तेव्हा कॅन आरशासारखे झळकत होते आणि टिपाडात तळाला चार बोटं पाणी होतं. "टिपाड गळतंय, वैनी," नानाकाका म्हणाला. माय खाली बसली. टिपाडाच्या बुडाभोवती तिनं बोटं फिरवली, सगळीकडून. जमीन कोरडी होती.  पुढचे दोन दिवस आम्ही एका कळशीवर काढले.

कॅन सोजरबाईच्या दारात गेले आणि दुसऱ्या दिवशी दूध पास झालं. तिसऱ्या दिवशीही. आता बघा गंमत. आम्ही जितकं चांगलं धुतलं होतं, तितकीच माय खोटी ठरली. हात बदलला आणि दूध सुधरलं, यापेक्षा मोठा पुरावा गावाला कुठला हवा? रांगेत बाया मायला पुढं जा म्हणायला लागल्या, आजारी माणसाला म्हणतात तसं. ते मला सहन झालं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या शेडमध्ये बैठक होती. आण्णा सोजरबाईचं कौतुक करत होते. माय बायांच्या मागं भिंतीला टेकून बसलेली. मी उठले आणि सगळं सांगितलं. आंबील, दोन कॅन, घमेलं, नितळ पाणी, रबर. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट मीठमसाला न लावता सांगितली, हात हलवले नाहीत, आवाज काढले नाहीत.  कमिटीतले तिघं एकमेकांकडं बघायला लागले. ज्यांनी फुलपात्रं रिकामी केली होती त्यांना माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवणं परवडणारं नव्हतं.

मग आण्णा हसले. "सोसायटीच्या कॅनात बियर," ते म्हणाले. "अन दोन तोंडांचं वासरू कुटं बांदलंय, चंदे?"

शेड हसली. मी नानाकाकाकडं बघितलं. तो दाराशी उभा होता. आण्णांनीच त्याला विचारलं, "काय रं नाना? पोरगी काय म्हनायलीय?"

नानाकाकानं खाली बघितलं. "आईसाठी बोलायलीय, आण्णा. नाटकात काम केल्याली पोरगी हाय ती."

मला त्याचा राग आला, तो पुष्कळ वर्षं राहिला. आता वाटतं, घरी बियर केली म्हणून तो पोलिसांना भ्यायला नसेल. आपलं धुणं चुकलं हे चारचौघांत कबूल करायची त्याच्या अंगात ताकद नव्हती. त्याच्यापाशी दुसरं होतं काय?

माय आणि मी घरी आलो. उंबऱ्यात टेकून तिनं विचारलं, "खरं हाय का?"

"हाय."

"कसं वतलंस, दाव."

मी रिकाम्या हातांनी तिला दाखवलं. त्याच्या कॅनातून घमेल्यात, घमेल्यातून दुधाच्या कॅनात. तिनं लक्ष देऊन बघितलं. मग म्हणाली, "उलटं वतायचं हुतं. दुदाचं पानी त्याला." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नानाकाका दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं औरंगाबादला गेला. जाण्याआधी त्यानं आंबील कडुलिंबाच्या बुडात ओतली आणि दोन्ही कॅन घाईघाईनं विसळून भिंतीशी पालथे घातले. त्याच आठवड्यात छावणी सुरू झाली, जनावरांना चारा मिळाला, दूध वाढलं आणि सोसायटीची माणसं ते दोन राखीव कॅनही घेऊन गेली. झाकणांची भोकं त्यांनी डांबर लावून बुजवली. रबरं काढायची असतात हे मी बैठकीत सांगितलं होतं, पण तेही थापेतच जमा झालं होतं.

दोनच दिवसांनी गफूरभाईंनी आमच्या दारात टेम्पो थांबवला. सवयीनं ते अजून थांबायचे. "भाभी, त्या दोन कॅनांवर आज त्यानं नाक मुरडलं. पास केलं, पण म्हणाला, उद्या परवा बघतोच." टेम्पो गेल्यावर मी अंगणात एक गिरकी घेतली, खरंच घेतली. मायला म्हणाले, "झालं. आता सोजरबाईच्या हातचं परत येईल. दोन दिवस थांब, मग बघ आण्णा कसे पायऱ्या झिजवत येतात ते."

माय चुलीपाशी होती. "टेम्पो बंद हुईल," ती म्हणाली.

"त्यांना कळू दे की आधी तुझी चूक नव्हती. माय, दोनच दिवस. तुला काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं."

ती बसून राहिली नाही. तवा उतरवला, हात पुसले, फडताळातून चमचा घेतला आणि भर उन्हात वरच्या अंगाला निघाली. मी मागून गेले. सोजरबाई कॅन घासत होती, तिच्या दारात आणखी दोघी-तिघी पाण्यासाठी बसल्या होत्या. माय तिच्याजवळ उकिडवी बसली. एक झाकण उलटं केलं, चमच्यानं रबर उचकटलं. आतून काळपट बुळबुळीत कड निघाली.

"हे रोज काडायचं, सोजरबाई. उकळायचं. अन हे दोन कॅन शेवटाला धुवायचे. ह्यांचं पानी दुसऱ्याला लावू नगा. झाडाला वता."

सोजरबाईनं रबर हातात घेऊन वास घेतला, तोंड फिरवलं. बसलेल्या बाया पुढं वाकून बघायला लागल्या.

"आगं माय," सोजरबाई म्हणाली, "हे आसं हुतं व्हय? मंग अक्का, तुमास्नी हे आदी सुचलं न्हाई का?"

मी तोंड उघडलं. मायनं माझ्याकडं न बघता माझ्या हातात दुसरं झाकण दिलं.

"न्हाई सुचलं," ती म्हणाली, आणि तिसऱ्या झाकणाला चमचा लावला.